पाळीव प्राण्यांची आपत्कालीन पूर्वतयारी

पाळीव प्राण्यांची आपत्कालीन पूर्वतयारी म्हणजे पूर, आग, भूकंप किंवा तत्सम संकटात घर सोडावे लागल्यास घरच्या जनावरांना सोबत नेता यावे, अथवा ते अशक्य झाल्यास त्यांचा जीव वाचावा, यासाठी आधीच करून ठेवलेली व्यवस्था होय. पाश्चात्त्य देशांत हा विषय प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांपुरता मर्यादित असतो. धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या तालुक्यात मात्र दारात कुत्रा, गोठ्यात गाय व बैलजोडी आणि परसात शेळ्या-कोंबड्या अशी घराची रचना असल्यामुळे या सर्वांचा विचार एकत्रच करावा लागतो. परदेशी पुस्तिकांतील याद्या येथे जशाच्या तशा उतरवून उपयोग होत नाही.

स्थलांतराशी असलेला संबंध

जनावरांची सोय नसेल तर माणसेही घर सोडत नाहीत, हा या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळाच्या वेळी निवारा केंद्रांत प्राण्यांना प्रवेश नसल्याने अनेकांनी पाण्याने वेढलेल्या घरातच राहणे पसंत केले. त्यानंतर २००६ मध्ये तेथे स्थलांतराच्या शासकीय आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा समावेश करणारा कायदा झाला. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुविद्युत केंद्राच्या अपघातानंतर भोवतालचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करण्यात आला, तेव्हा अनेक गोठ्यांत दावणीला बांधलेली गुरे उपासमारीने मेली. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णा-पंचगंगा महापुरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील कित्येक पशुपालकांनी जनावरे मागे ठेवून बोटीत बसण्यास नकार दिला होता. याला हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुभती म्हैस हे त्या घराचे रोजचे उत्पन्न असते.

साक्री परिसरातील स्थिती

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात उगम पावून पिंपळनेरवरून पूर्वेकडे धुळ्याकडे वाहते. कान ही तिची उपनदी होय. कान नदीवर मालनगाव, तर पांझरेवर लाटीपाडा व पुढे अक्कलपाडा ही धरणे आहेत. वरची धरणे भरून वाहू लागली की अक्कलपाड्यात पाण्याची आवक वाढते आणि तेथून विसर्ग सुरू झाल्यावर नेरपासून धुळे शहरापर्यंतच्या काठाला सतर्कतेचा इशारा दिला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला मोठा पूर येऊन धुळे शहरातील सखल पूल पाण्याखाली गेले होते. नदीकाठची कुरणे आणि वाळूचे पट्टे चराईसाठी सोयीचे असल्याने अशा वेळी सर्वांत आधी गुरेच पाण्यात सापडतात. म्हणून विसर्गाची दवंडी किंवा भ्रमणध्वनीवरील संदेश गुराख्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे घरच्यांनी पावसाळ्यापूर्वीच पाहून ठेवावे.

उन्हाळ्यात धोका आगीचा असतो. कडब्याची गंजी गोठ्याला लागून रचण्याची पद्धत सोयीची खरी, परंतु एक ठिणगी पडली तर चारा आणि जनावरे दोन्ही जातात. गंजी गोठ्यापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून रचावी आणि गोठ्यातील विजेच्या उघड्या तारा वेळीच बदलून घ्याव्यात.

मोठी जनावरे

पुरात आणि आगीत गुरे दगावण्याचे एक मोठे कारण म्हणजे गळ्यातील दावे. गाय, बैल आणि म्हैस ही तिन्ही जनावरे पोहू शकतात. म्हैस तर पाण्यात विशेष सहज वावरते. पण खुंट्याला बांधलेले जनावर पाणी नाकापर्यंत आले तरी जागचे हलू शकत नाही. पावसाळ्यात दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ मारावी. घाईत दोर कापण्यासाठी विळा गोठ्याच्या दाराशीच, पण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर टांगून ठेवावा. जनावरे नेणे अशक्य झाल्यास त्यांना मोकळे सोडून गोठ्याचे दार उघडे ठेवावे. पुराच्या वेळी गोठ्यात कोंडून जाणे म्हणजे त्यांना मारणेच होय. आगीतून बाहेर काढलेले जनावर घाबरून पुन्हा गोठ्याकडे धावते, त्यामुळे आगीच्या वेळी बाहेर काढल्यावर मागचे दार लावून घेणे योग्य.

उंचावरची जागा आधी ठरवावी. गावाची टेकडी, शाळेचे मैदान किंवा नातेवाइकाचे मळ्यातील शेत चालू शकते, मात्र तेथे चारा आणि पाणी पोहोचते का हे पाहिले पाहिजे. मोठ्या गायीला दिवसाला साधारण ४० ते ६० लिटर पाणी लागते. शेळीचे थोडक्यात भागते. गावातील ट्रॅक्टर-ट्रॉली कोणाची, ती रात्री मिळेल का, हा प्रश्न पुराच्या दिवशी विचारून चालत नाही.

कुत्रे, मांजर व कोंबड्या

कुत्र्याला गळपट्टा आणि साखळी यांची सवय लहानपणापासून लावावी. एरवी मोकळा फिरणारा गावठी कुत्रा संकटात पहिल्यांदाच बांधला गेला तर चावण्याची शक्यता वाढते. त्याचे रेबीजचे वार्षिक लसीकरण आणि त्याचा दाखला तयारीत असावा, कारण निवारा केंद्रातील इतर लोकांचा पहिला आक्षेप याच मुद्द्यावर येतो. गळपट्ट्यावर मालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक पक्क्या शाईने लिहावा. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी पुरते, उन्हाळ्यात अधिक.

मांजर गोंधळ सुरू होताच माळ्यावर किंवा कोठीमागे दडून बसते. त्यामुळे इशारा मिळाल्याबरोबर सर्वांत आधी तिला एका खोलीत बंद करावे. पिंजरा नसल्यास झाकणाची वेताची टोपली किंवा उशीचा सुती अभ्रा तात्पुरता चालतो. प्लास्टिकची गोणी मात्र वापरू नये. कोंबड्या डालग्यात भरून उंचावर ठेवता येतात. त्या अंधारात शांत राहतात, म्हणून डालग्यावर हवा खेळेल असे पातळ फडके टाकावे.

कागदपत्रे व शासकीय साहाय्य

गाय, म्हैस, बैल यांच्या कानाला लावलेल्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक, लसीकरणाची नोंद आणि प्रत्येक जनावराचे मालकासह काढलेले छायाचित्र घरच्या शिधापत्रिकेसोबत एकाच पिशवीत ठेवावे. हरवलेल्या जनावराची ओळख पटवताना आणि मृत्यूनंतरच्या पंचनाम्यात त्यांचाच आधार मिळतो. २०२२ ते २०२६ या कालावधीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, बैलासारख्या ओढकाम करणाऱ्या जनावरासाठी ३२,००० रुपये, शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये आणि कोंबडीमागे १०० रुपये साहाय्य असून त्याला कुटुंबामागे कमाल संख्येची मर्यादा आहे. कुत्रा व मांजर यांचा यात समावेश नाही. पंचनामा होण्यापूर्वी मृत जनावर पुरून टाकल्यास साहाय्य मिळणे कठीण होते. तलाठी व पशुवैद्यकीय अधिकारी यांना तत्काळ कळवणे आवश्यक असते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळे येथेच असते, ही या भागाची जमेची बाजू. तरीही बोटीत माणसांना प्राधान्य असते आणि म्हैस बोटीत चढत नाही. तेव्हा मोठ्या जनावरांचे स्थलांतर पाणी चढण्यापूर्वी पायी चालवूनच करावे लागते.

परतल्यानंतर

पुराचे पाणी ओसरल्यावर भिजलेला, बुरशी आलेला चारा जनावरांना घालू नये. घटसर्प व फऱ्या या रोगांचा प्रादुर्भाव पावसाळ्यात वाढतो, म्हणून त्यांच्या लसी मे-जूनमध्येच टोचून घेण्याचा प्रघात आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना आणि माणसांनाही होऊ शकतो. गोठ्यात शिरण्यापूर्वी काठीने कोपरे तपासावेत, कारण पुराबरोबर सापही आडोशाला येतात. ओळखीचे वास धुऊन गेल्यामुळे कुत्रे व मांजरे स्वतःच्या घरातही बिथरतात. त्यांना काही दिवस बांधून किंवा घरात ठेवून मगच मोकळे सोडावे. मृत जनावरे विहिरी व नाल्यांपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.