किती प्रती काढायच्या? : लग्नपत्रिकेची कुळकथा

साखरपुडा उरकला, बस्त्याचा दिवस ठरला, की घरात एक वही निघते. वहीत नावं चढतात. भावकी, सोयरे, शेजारपाजार, ऑफिसातले आणि शेवटी ‘त्यांनी आपल्याला बोलावलं होतं’ असा एक नाजूक रकाना. लग्नपत्रिकेबद्दल बोलताना आपण कागद, रंग, सोनेरी शाई असल्या गोष्टींपासून सुरुवात करतो. पण पत्रिकेचं रूप ठरवलं ते या वहीतल्या आकड्याने. किती माणसांना बोलवायचं आणि ती किती लांब राहतात, या दोन गोष्टी बदलल्या तशी पत्रिका बदलली. आज हाताने बनवलेल्या पत्रिकांची जी हौस दिसते, तिचंही मूळ तिथेच सापडतं.

सगळी माणसं एका गावात किंवा पंचक्रोशीत होती, तेव्हा आमंत्रणाला कागद लागत नव्हता. कुंकवात घोळलेल्या तांदळाच्या अक्षता घेऊन घरची माणसं दारोदार जात, ऐपत असेल तर वाजंत्री पुढे असे. पहिली अक्षत कुलदैवताला आणि ग्रामदैवताला. पुण्यात हा मान कसबा गणपतीचा, आणि छापील पत्रिका आली तरी तो मोडला नाही. तोंडी आमंत्रणातही बारकावे होते. घरटी एक माणूस बोलावलं आहे, जोडप्याला बोलावलं आहे, की ‘चूलबंद’ आवतण आहे, म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, हे सांगणाऱ्याने स्पष्ट सांगायचं असे. आजच्या पत्रिकेतलं ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे त्या चूलबंद आवतणाचं सुशिक्षित रूप.

कागद लागायचा तो परगावच्या सोयऱ्यांसाठी, आणि तो स्वस्त नव्हता. मराठी मुलखात जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची नावाजलेली गावं. पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरी आणि दौलताबादी कागद मुबलक सापडतो. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांनी तो वसवला, असं तिथे सांगतात. तिथला कागद चिंध्या, जुने दोर, गोणपाट यांचा लगदा करून बनायचा. लगदा कालवलेल्या पाण्याच्या हौदात कारागीर गवताच्या काड्यांची चटई बुडवून आडवी वर उचलायचा. पाणी खाली गळून गेलं की चटईवर लगद्याचा पातळ थर उरे, तोच ताव. तो भिंतीवर चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ नसेल तर बोरूची शाई फुटते. शिवाय मोडी लिपी हात न उचलता भरभर लिहायची, तेव्हा बोरू कुठे अडकून चालत नाही. म्हणून दफ्तराचा कागद घोटीव असायचा.

अशा तावाच्या तुकड्यावर लग्नाचं पत्र लिहायचं, त्यावर कुंकू शिंपडायचं आणि माणसाबरोबर धाडायचं. दहा घरांना बोलवायचं तर दहा पत्रं बसून लिहायची. ही झाली कुंकुमपत्रिका. ती हाताने लिहिलेली होती, कारण दुसरा मार्गच नव्हता. त्यात कुणाला हौस किंवा कला दिसत नव्हती.

छपाई मराठी मुलखाला नवी नव्हती. गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी १५५६ सालीच छापखाना आणला होता. पण घरच्या कार्याशी छपाईचा संबंध यायला एकोणिसावं शतक उजाडलं. मुंबईत गणपत कृष्णाजी या खटपटी माणसाने अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. त्याआधी जोशीबुवा हाताने लिहिलेलं पंचांग वाचून दाखवत. छापील कागदाला शिवायला जुनी मंडळी बिचकत, कारण शाईत चरबी असते हा संशय. त्यावर तोड म्हणून धर्मग्रंथांसाठी तुपातली शाई वापरत. हा संशय एकदा फिटला आणि मुहूर्त छापील पंचांगातून काढला जाऊ लागला, तेव्हा त्या मुहूर्ताचं आमंत्रण छापायला आडकाठी उरली नाही.

पण आडकाठी नसणं वेगळं आणि गरज असणं वेगळं. गरज निर्माण केली रेल्वेने, टपालाने आणि गिरण्यांनी. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली. १८५४ साली सगळ्या देशाला एकाच दराचं टपाल आलं, पत्र जवळ जावो की लांब, वजन तेवढंच तर हशील तेवढंच. त्याच दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि पुढे कोकणातली, घाटावरची माणसं चाळींत येऊन राहिली. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. भावकी आता एका पंचक्रोशीत मावेना. मुलीचं लग्न गावाला, चुलते गिरगावात, मामा नागपूरला आणि आत्या बडोद्याला. अक्षत घेऊन पायी फिरणं जमणार नव्हतं, आणि दोनशे पत्रं हाताने लिहायची तर लग्न बाजूला राहायचं.

पत्रिका छापखान्यात गेली ती इथे. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या कारखान्यात ओतलेले देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, देखणे म्हणून नावाजले. खिळे सहज मिळू लागले तसे गावोगावी लहान छापखाने निघाले. पुस्तकं छापायची त्यांची ऐपत नव्हती. बिलबुकं, हँडबिलं, नाटकाच्या जाहिराती आणि लग्नपत्रिका हेच त्यांचं पोट. लग्नसराईत चार महिने पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनला उसंत नसे.

मराठी लग्नपत्रिकेची भाषा इतकी एकसारखी का, याचं अर्धं उत्तर जुन्या पत्रांच्या मायन्यात आहे, आणि अर्धं या छापखान्याच्या कोपऱ्यात. जुळारी म्हणजे कंपोझिटर एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांत ओळ जुळवतो. देवनागरीत हे काम जिकिरीचं, कारण काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं मिळून शेकडो कप्पे सांभाळायचे. तेव्हा ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘अगत्य येण्याचे करावे’पर्यंतचा मजकूर एकदा जुळवला की तो कोण मोडणार? छापून झालं की सुतळीने बांधून तसाच ठेवून द्यायचा. पुढचं गिऱ्हाईक आलं की फक्त चि. आणि चि. सौ. कां. यांच्यापुढची नावं, तिथी आणि स्थळ बदलायचं. गिऱ्हाईकाला भाषा शिष्टसंमत वाटायची, जुळाऱ्याचे कष्ट वाचायचे. जो मायना पिढ्यान्पिढ्या कागदावर फिरत होता, तो असा शिशात पक्का झाला.

तरी त्या ठराविक साच्यात ज्यांना बदल हवा होता त्यांनी केला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीविना लग्न लावून दाखवलं. पुढे १९५६ साली नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर लाखो लोक बौद्ध झाले. त्यांच्या पत्रिकेच्या माथ्यावरचा गणपती आणि कुलदेवता गेली, तिथे बुद्ध आणि बाबासाहेब आले. ‘शुभविवाहा’च्या जागी ‘मंगल परिणय’ आला, गोरज मुहूर्ताची ओळ गळाली, साधी वेळ राहिली. पत्रिकेचा वरचा दोन बोटं भाग एवढ्यात घराण्याचा इतिहास सांगून टाकतो.

छपाईने अक्षर घरातून नेलं, पण घरच्यांचा हात पत्रिकेवरून सुटला नाही. गठ्ठा घरी आला की पोरंसोरं जमिनीवर गोल बसायची. एकाने घडी घालायची, एकाने पाकिटात सरकवायची, कुणीतरी ओल्या कुंकवात बोट बुडवून पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं. ज्याचं अक्षर बरं त्याच्या वाट्याला पत्ते. पाकीट चिकटवायचं नाही, कारण उघडं पाकीट बुकपोस्टाने कमी हशिलात जायचं. पुष्कळ घरांत पाकिटाची उघडी झडप हा रिवाजच झाला, तो मुळात काटकसरीतून. बालगोपाळांच्या नावाने ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ खाली आली, आणि ज्यांच्यापर्यंत टपाल पोचणार नाही त्यांच्यासाठी ‘नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही. ही दुसरी ओळ म्हणजे वहीतला आकडा हाताबाहेर गेल्याची कबुली. ज्याला पत्रिका मिळालीच नाही, त्याने ती ओळ कुठे वाचायची, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

स्क्रीन प्रिंटिंग आलं आणि पत्रिकेचं दुकान झालं. लाकडी चौकटीवर जाळीचं कापड ताणायचं, त्यावर रसायन लावून मजकुराची पॉझिटिव्ह उजेडात धरायची. उजेड लागला तिथे रसायन घट्ट होतं. मजकुराच्या जागचं पाण्याने धुऊन जातं आणि जाळी मोकळी होते. मग रबरी पट्टीने शाई ओढली की खाली अक्षर उमटतं. याला ना मोठं यंत्र लागतं ना शिशाचे खिळे. एका खोलीत दोन माणसं धंदा करू शकतात. दिल्लीच्या चावडी बाजारातून, शिवकाशीहून कोरी रंगीत कार्डं येऊ लागली. गिऱ्हाईकाने नमुन्यांचा जाडजूड अल्बम चाळायचा, एकावर बोट ठेवायचं आणि स्थानिक माणसाने त्यावर नावं छापून द्यायची. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, ही बस्त्यानंतरची दुसरी खरेदी झाली. शालूचा रंग ठरल्यावर पत्रिकेचा रंग ठरू लागला. पाकिटावर पैठणीचा काठ, त्यात मुनिया नाहीतर मोर.

याच स्क्रीन प्रिंटिंगने हातकागदाला पत्रिकेत परत आणलं. त्या कागदाचं पुनरुज्जीवन आधीच सुरू झालं होतं. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्यात हातकागदाचा उद्योग होता. १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली, तिच्यामागे के. बी. जोशी होते. तिथल्या कागदाचा कच्चा माल म्हणजे कपडे शिवताना उरलेल्या सुती चिंध्या. चिंधी निव्वळ सुती हवी, पॉलिएस्टरचा लगदाच होत नाही. चिंध्या निवडायच्या, कापायच्या, बीटरमध्ये पाण्याबरोबर कुटून लगदा करायचा, जाळीच्या चौकटीवर ताव उचलायचा, कापडात घालून दाबायचा, दोरीवर वाळवायचा. चौकट आणि जाळी यांच्या मधून झिरपलेल्या लगद्याने तावाची कड विरविरीत होते. यंत्राच्या कागदाला अशी कड नसते, आणि लोक तेवढ्यासाठी पैसे मोजतात. पण पृष्ठभाग खडबडीत असल्याने ऑफसेटच्या यंत्रावर हा कागद नीट चालत नाही. स्क्रीनवर चालतो, कारण तिथे जाळी कागदावर टेकते आणि शाई जाड बसते. जुन्या कागजीने घोटून खडबड घालवली. आताचं गिऱ्हाईक तीच खडबड निवडून घेतं.

मग हाताने बनवलेली पत्रिका महाग का, आणि तरी ती आता का परवडते? याचा हिशेब सोपा आहे. ऑफसेटमध्ये प्लेट करायला आणि यंत्र लावायला जो खर्च येतो तो पन्नास प्रतींना तेवढाच आणि हजारांना तेवढाच. म्हणून प्रती वाढतील तशी एक पत्रिका स्वस्त पडते. हातकामात हे उलटं. पहिलीला जितका वेळ, तितकाच शंभरावीला. ताव कापायचा, घडी पाडायची, जुन्या साडीचा काठ चिकटवायचा, नाडी ओवायची, नाव बोरूने लिहायचं. हजार पाहुण्यांसाठी हे कुणी करणार नाही. पन्नास जणांसाठी दोन मैत्रिणी चार संध्याकाळी बसून करतात.

आणि पाहुणे मध्येच पन्नासवर आले. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. त्याआधीच मोबाइलवरची पत्रिका रुळत होती, त्या वर्षी ती मुकाट्याने मान्य झाली. एका बोटाच्या दाबाने पाचशे जणांना जाणाऱ्या आमंत्रणाला दर प्रतीचा खर्च शून्य. त्यामुळे छापील पत्रिकेचा गठ्ठा ज्या कामासाठी होता, ते काम संपलं. लांबच्यांना कळवणं आता फुकटात होतं. कागदाकडे उरलं ते फक्त मान देणं, आणि मान मोजक्यांनाच द्यायचा असतो. तुळशीचं किंवा झेंडूचं बी घातलेला कागद, काठाचं पाकीट, हाताने लिहिलेलं नाव हे सगळं या मोजक्यांसाठी.

म्हणून हातपत्रिकेचा विचार करणाऱ्याने दुकानात जाण्याआधी वहीतली नावं दोन ढिगांत वेगळी करावी. ज्यांना कळवायचं आहे त्यांना मोबाइलवर कळवावं, त्यात कमीपणा नाही. ज्यांच्या दारी स्वतः जायचं आहे, त्यांच्यापुरताच हातकागद घ्यावा. दुसऱ्या ढिगात तीनशे नावं निघाली, तर हाताची हौस सोडून सरळ छापखान्याची पायरी चढावी. तिथे तुम्ही कितीही देखणं डिझाइन काढून दाखवा, काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न अजून तोच विचारतो, ‘किती प्रती काढायच्या?’