एक चरित्र, दोन वाचक : मराठी बुद्धचरित्रांच्या वाचनाचा इतिहास

प्रस्तावना

'या एका पुस्तकाने त्यांच्या आयुष्याला कलाटणी दिली' हे वाक्य मराठी चरित्रग्रंथांतून आणि गौरवअंकांतून इतक्या वेळा आलेले आहे, की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला ते पुरेसे वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते अडचणीत टाकते. पुस्तक केव्हा छापले गेले, कोणी लिहिले, कोणाच्या आश्रयाने लिहिले हे सांगता येते. परंतु वाचकाच्या मनात नेमके काय घडले याचा पुरावा बहुधा त्या वाचकाच्याच, पुष्कळ वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणीत असतो. धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१-१९५६) यांनी तरुण वयात वाचलेली मराठी बुद्धचरित्रे या दृष्टीने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात कार्ले, अजिंठा, कान्हेरी येथील लेणी होती. पण बुद्धाला मानणारा समाज नव्हता. बुद्ध पुन्हा परतला तो छापील पानांतून. १८७९ मध्ये एडविन अर्नोल्ड यांचे 'लाइट ऑफ एशिया' हे काव्य प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मॅक्स म्युलर यांनी संपादित केलेली पौर्वात्य धर्मग्रंथमाला सुरू झाली आणि १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. मराठीतही याच वर्षी विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी 'बालबोध' हे मासिक सुरू केले. युरोपातील विद्वानांनी संपादित केलेला बुद्ध आणि मराठी मुलांसाठी सोप्या भाषेत सांगितलेला बुद्ध यांत अंतर मोठे होते. तथापि दुसरा पहिल्यावाचून शक्य नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कोसंबी : मासिकातील चरित्र

गोव्यातील सांखवाळ या गावी जन्मलेल्या धर्मानंदांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी ग्रंथ सहज हाती येत नसत. अशा परिस्थितीत 'बालबोध'च्या एका अंकातील बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी या वाचनाला आपल्या आयुष्यात निर्णायक स्थान दिले आहे. डिसेंबर १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती.

मुलांसाठीच्या मासिकातील काही पाने एवढी सामर्थ्यवान कशी ठरली? याचे उत्तर केवळ त्या पानांत शोधणे योग्य होणार नाही. तुकारामांच्या अभंगांनी हे मन आधीच तयार केले होते. संसाराविषयीची उदासीनता होती, ज्ञानाची भूक होती, पण तिला दिशा नव्हती. त्या चरित्राने ती दिशा दिली. विशेष म्हणजे त्या लेखाने त्यांची भूक भागविली नाही, उलट ती वाढविली. बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यावयाची तर संस्कृत आले पाहिजे म्हणून ते पुण्याला आले, तेथून काशीला गेले, नेपाळला गेले. नेपाळमध्ये त्यांच्या मनातील बुद्धधर्म त्यांना आढळला नाही. अखेर १९०२ मध्ये ते श्रीलंकेला पोहोचले आणि कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ पाली शिकू लागले. म्हणजे मराठी लेख आणि मूळ ग्रंथ यांच्यामध्ये सुमारे तीन वर्षांची, बव्हंशी निर्धन अवस्थेतील, पायपीट आहे. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली व हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचे काम केले. हा भाग सुपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही.

बाळाबाईंच्या बाजूने हे वाचन कसे दिसले असेल, हा प्रश्न मात्र आपल्या चरित्रलेखकांनी फारसा विचारलेला नाही. पुस्तकाने बदललेल्या माणसाच्या घरातील इतरांनी ते पुस्तक वाचलेले नसते. परिणाम मात्र तेही भोगतात.

आंबेडकर : सत्कारातील भेट

कृष्णराव अर्जुन केळुसकर (१८६०-१९३४) हे मुंबईतील शिक्षक व चरित्रकार. त्यांचे 'गौतमबुद्धाचे चरित्र' १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या ग्रंथमालेसाठी ते लिहिले गेले होते. धनंजय कीर यांच्या चरित्रानुसार चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा मुलगा केळुसकरांच्या नजरेस पडला, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर भरलेल्या सत्कारसभेत त्यांनी आपला हा ग्रंथ त्याला भेट दिला. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र हा प्रसंग इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याच्या वेळचा म्हणून सांगितला आहे. सामान्यतः मॅट्रिकचाच उल्लेख रूढ झाला आहे. ही तफावत क्षुल्लक नाही. सुमारे अर्धशतकानंतर सांगितलेल्या आठवणीत तपशील सरकतो. टिकून राहते ती वाचकाने त्या वाचनाला दिलेली किंमत. इतिहासकाराने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात.

महत्त्वाचे आहे ते वाचनानंतर लगेच काय घडले हे. त्या प्रस्तावनेनुसार या मुलाने पहिली गोष्ट केली ती वडिलांना प्रश्न विचारण्याची. रामजी सुभेदारांचे घर कबीरपंथी. मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेण्याचा त्यांचा आग्रह असे. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे हे ग्रंथ आम्हांला का वाचावयास लावता, बुद्धाचे साहित्य का दिले नाही, असा तो प्रश्न होता. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये आणि द्रोण, कर्ण यांच्यासारखी सामान्य स्थितीतून वर आलेली माणसे त्यांनी पाहावीत, असा आपला उद्देश असल्याचे वडिलांनी सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. बुद्धाकडे आपण रिकाम्या मनाने गेलो नाही, तुलना करण्याजोगी सामग्री आपल्याजवळ आधीच होती, असे बाबासाहेबांनी तेथे आवर्जून नोंदविले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण विषयातील हे सर्वांत मोलाचे विधान आहे. रामजींनी वाचून घेतलेले ग्रंथ नसते तर केळुसकरांच्या ग्रंथाचा धक्का इतका बसला नसता. नव्या पुस्तकाच्या सामर्थ्याचे श्रेय देताना ज्यांच्याशी त्याची झुंज झाली ती जुनी पुस्तके आपण विसरतो.

ग्रंथासोबत ग्रंथ देणारा माणूसही होता, हेही सांगितले पाहिजे. बडोदे संस्थानची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती आंबेडकरांना मिळाली ती केळुसकरांच्या शब्दामुळे. आजही आपल्या महाविद्यालयांतून सत्कारसमारंभात शाल-श्रीफळाबरोबर ग्रंथ दिला जातो. देणाऱ्याने तो वाचलेला असतो असे मात्र नाही. केळुसकरांनी तर तो लिहिला होता, आणि तो दिल्यानंतर त्या विद्यार्थ्याची फीही डोळ्यांआड केली नव्हती.

तरीही १९०७ मधील वाचनाने आंबेडकर लगेच बौद्ध झाले नाहीत. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० पासूनचा काळाराम मंदिराचा लढा हे हिंदू समाजाच्या चौकटीत हक्क मागणारे लढे होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही कोणता धर्म हे ठरलेले नव्हते. शीख धर्माचा विचार त्यानंतर गांभीर्याने झाला. दादरच्या निवासस्थानाचे नाव 'राजगृह', १९४६ मधील महाविद्यालयाचे नाव 'सिद्धार्थ', पुढे औरंगाबादचे 'मिलिंद', ही मधल्या काळातील चिन्हे आहेत. सत्कार १९०७ चा मानला, तर १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ४९ वर्षे जातात. कोसंबी वाचून घराबाहेर पडले, तर आंबेडकरांनी वाचलेले जवळ ठेवले आणि लाखो लोकांना बरोबर घेऊन जाता येईल अशी वेळ येईपर्यंत त्याची पारख केली. एकाचा शोध व्यक्तीच्या दुःखापासून सुरू झाला, दुसऱ्याचा समाजाने लादलेल्या दुःखापासून. त्यामुळे दोन वाचनांच्या गतीची तुलना करून कोणते खोल होते हे ठरविता येणार नाही.

वाचकांनी बदललेले चरित्र

या दोन वाचकांमध्ये एक साम्य मात्र असे आहे, की ज्या कथेने त्यांना ओढून घेतले ती त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून राजपुत्राने घर सोडले, ही परंपरागत बुद्धचरित्राची मध्यवर्ती घटना. कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मूळ पाली साधनांच्या आधारे ही आख्यायिका बाजूला सारली आणि अत्तदंड सुत्ताकडे, म्हणजे परस्परांवर शस्त्र उगारणाऱ्या समाजाच्या दर्शनातून आलेल्या उद्वेगाकडे, लक्ष वेधले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'बोधिसत्त्व' या नाटकात शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो. आंबेडकरांनीही एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वार्धक्य, रोग, मृत्यू पाहिलेच नव्हते हे अविश्वसनीय ठरविले आणि रोहिणीच्या पाण्यावरून पुकारलेल्या युद्धाला विरोध केल्याने सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली, अशी मांडणी केली. या मांडणीमागे कोसंबींच्या लेखनाचा प्रभाव असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या माणसाला बुद्धाच्या गृहत्यागाच्या मुळाशी पाण्याचा तंटा दिसावा, यात केवळ ग्रंथप्रामाण्य नाही, हे उघड आहे.

केळुसकर १९३४ मध्ये वारले, येवल्याच्या घोषणेच्या एक वर्ष आधी. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापली गेली नव्हती. परिणामी त्या आवृत्तीच्या वाचकांना, सत्कारसभेत एका मुलाच्या हाती मराठी बुद्धचरित्र ठेवणाऱ्या शिक्षकाचा हा उल्लेख वाचावयास मिळाला नाही.