पिल्लाचा कुत्रा कधी होतो?

मागच्या व्याख्यानात आपण युबुलिडिसचा ढीग पाहिला. एकेक दाणा काढत गेलं, तर ढीग नेमका कोणत्या दाण्याला ढीग राहत नाही? व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी मला जिन्यात गाठलं. "सर, आमचा लॅब्रॅडॉर आठ महिन्यांचा झालाय. त्याला मोठ्या कुत्र्यांचं खाणं कधी सुरू करायचं?" प्रश्न तोच आहे, बरं का. फक्त इथे चुकलं तर पाय वाकतात.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पिल्लालाही दूध-भाकरी, म्हाताऱ्यालाही दूध-भाकरी. कुत्र्याचं वेगळं खाणं बाजारात आलं ते साधारण १८६० मध्ये, लंडनला. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस गव्हाचं पीठ, भाज्या आणि मांसाचा अंश घालून बिस्किटं विकू लागला. गिऱ्हाईक कोण, तर शिकारी कुत्रे बाळगणारे बडे लोक. (याच कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये ते प्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरवलं.)

पण वाढत्या वयाचा आहार म्हणजे काय, हे दुकानात नाही कळलं, प्रयोगशाळेत कळलं. आणि तेही माणसाच्या मुलांसाठी! लंडनच्या मुलांना मुडदूस फार होत असे. एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात कोंडून ओट्स-पावासारख्या खाण्यावर ठेवली. त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाचं तेल दिलेली पिल्लं वाचली. हे १९१९ मध्ये छापून आलं. 'ड' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट इथून निघते. आपल्या मुलांची हाडं त्या पिल्लांनी सरळ केली, हे ऋण मला कधी विसरता येत नाही.

यातून लोकांनी धडा मात्र अर्धाच घेतला: हाडांसाठी द्याल तेवढं थोडं. मीही त्यातलाच. ऐंशीच्या सुमाराला आमच्या अल्सेशियनच्या पिल्लाला मी रोज प्रेमाने कॅल्शियमचं औषध पाजत होतो. त्याचे पुढचे पाय वाकले ते वाकलेच. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. जादा कॅल्शियमने त्यांची हाडांची वाढ बिघडली होती. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, मोठ्या कुत्र्याला येतं. माझ्या वाचनात हे फार उशिरा आलं.

पुढे अमेरिकेतल्या पशुखाद्य-नियंत्रकांनी दोन तक्ते केले: एक वाढीचा, एक प्रौढाचा. आज कोरड्या वजनात प्रथिनं किमान २२.५ टक्के आणि १८ टक्के. पिशवीवरची रेघ ही अशी आली. माणसांनी आखलेली, पण मनमानी नव्हे. कारण शरीरातही एक सीमा आहे. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या मिटल्या की उंची थांबते. लहान जातीत हे वर्षाच्या आत होतं, लॅब्रॅडॉरला बारा ते अठरा महिने धरा, ग्रेट डेनसारख्याला दोन वर्षांपर्यंत.

तेव्हा बाईंना मी म्हटलं, आठव्या महिन्यात घाई नको. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं चालू ठेवा, वरून कॅल्शियम अजिबात नको. वाढ थांबल्यावर मात्र रेंगाळू नका, तेच खाणं मग चरबी होऊन बसतं. नसबंदी झाली असेल तर भूक वाढते आणि गरज घटते, हेही ध्यानात ठेवा.

बदल करताना आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, असे सात ते दहा दिवस. शी पातळ झाली तर आहे त्याच पायरीवर थांबायचं. "म्हणजे दाणा-दाणाच की!" बाई म्हणाल्या.