माशाचे वय आणि राजधानीचा हिशेब

दिल्लीला समुद्र नाही. यमुनेच्या काठी वसलेल्या या नगरीने अनेक राजवटी पाहिल्या. परंतु त्यांपैकी फारच थोड्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. स्वतंत्र भारताला मात्र ती वळवावी लागली. १९७६ साली संसदेने सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा संमत केला आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवरील देशाचा हक्क निश्चित झाला. वीस लाख चौरस किलोमीटरांहून विस्तीर्ण अशा या जलप्रदेशाचे धोरण शेकडो कोस दूरच्या राजधानीत ठरू लागले. त्या धोरणातील एक प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे : वर्षाकाठी किती मासे धरावेत? त्याचे उत्तर दुसऱ्याच एका प्रश्नात दडलेले असते. तो प्रश्न म्हणजे, जाळ्यात आलेल्या माशाचे वय काय?

सावकाराच्या भाषेत सांगावयाचे तर समुद्रातील मासे हे मुद्दल, आणि त्यांची दरवर्षीची वाढ हे व्याज. व्याजावर निर्वाह करणाऱ्याचे घर पिढ्यान् पिढ्या चालते. मुद्दलास हात घालणाऱ्याचे बुडते. पण व्याजाचा दर कळावयाचा, तर मासा किती वर्षांत किती वाढतो हे आधी कळले पाहिजे.

हे कळण्याची एक वाट माशाच्याच शरीरात आहे. झाड कापले असता खोडात जशी वर्तुळे दिसतात, तशी माशाच्या खवल्यांवर आणि हाडांवरही उमटतात. स्वीडनमधील हेडरस्ट्रॉम याने १७५९ साली माशाच्या मणक्यांवरील कडी मोजून वय सांगितले होते. १८९९ साली जर्मनीच्या रायबिश याने कानातील खड्यांकडे लक्ष वेधले. बहुतेक माशांच्या कानांच्या पोकळीत चुनखडीचे इवलेसे खडे असतात. मासा जगतो तोवर त्यांवर थरावर थर चढत राहतात, आणि एकदा चढलेला थर सहसा झिजत नाही. जणू माशाने जन्मभर लिहिलेली ती रोजनिशीच होय.

युरोपातील थंड समुद्रात ही रोजनिशी वाचणे तुलनेने सोपे असते. हिवाळ्यात वाढ मंदावते, उन्हाळ्यात जोर धरते. म्हणून वर्षाचे कडे स्पष्ट उमटते. आपल्या समुद्रात असा कडक हिवाळा कोठून यावा? १९४६ साली केंद्र सरकारने मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन केले, आणि ३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली. तेव्हापासून आपल्या शास्त्रज्ञांपुढे ही अडचण उभी होती. तरीही कोकणच्या कोळ्यांस सुपरिचित असलेल्या घोळ माशाचे वय खवल्यांवरून आणि कानातील खड्यांवरून ठरविण्याचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. सरकारी कागदांतील ‘खोल समुद्र’ म्हणजे पुष्कळदा किनाऱ्यापासून दूरचे पाणी, एवढाच अर्थ असे. खरा खोल समुद्र त्याहून निराळा. हजार मीटरांखाली सूर्यप्रकाश पोचत नाही, ऋतूंचा फेरा जवळजवळ जाणवत नाही, अन्न तुटपुंजे असते. तेथील माशाच्या खड्यावरचे थर इतके बारीक असतात, की त्यांची मोजणी सहज चुकते.

ती चूक किती महाग पडते, याचा धडा न्यूझीलंडने दिला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे ‘ऑरेंज रफी’ नावाच्या खोल पाण्यातील माशाची मोठी शिकार सुरू झाली. मासा बऱ्यापैकी लवकर वाढत असावा, असा समज होता. १९९१ साली फेंटन, शॉर्ट आणि रिट्झ या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याचे वय किरणोत्सर्गाच्या साहाय्याने काढले. खड्याच्या गाभ्यात समुद्रातील रेडियमचा अंश असतो. त्यापासून ठराविक गतीने शिसे तयार होते. या दोहोंच्या प्रमाणावरून, जेमतेम हातभर लांबीच्या माशाचे वय ७७ ते १४९ वर्षे निघाले! ज्याला व्याज समजून उचलले, ते शतकभर साठलेले मुद्दल होते. तोवर त्या माशांचे अनेक थवे रोडावले होते.

वय पडताळण्याची आणखी एक खूण मनुष्याच्या अविचारातून लाभली. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण एकाएकी वाढले, आणि समुद्रावाटे ते माशांच्या खड्यांतही उतरले. हा अंश कोणत्या थरात आढळतो, हे पाहून जन्मसाल ताडता येते. ऑस्ट्रेलियातील कॅलिश यांनी १९९३ साली ही रीत दाखवून दिली. त्या चाचण्या तूर्त थांबवाव्यात, अशी मागणी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिल्लीत, लोकसभेमध्ये, २ एप्रिल १९५४ रोजी केली होती. ती तेव्हा मानली गेली नाही. वातावरणातील चाचण्यांना आळा घालणारा करार १९६३ साली झाला. मधल्या वर्षांची नोंद मात्र समुद्रतळाच्या माशांनी आपल्या कानांत जपून ठेवली.

दिल्लीतही या विषयाने पुढे वादळ उठविले. १९९१ च्या धोरणाने परकीय भागीदारीतील जहाजांना खोल समुद्राचे दार उघडले; देशभरच्या मच्छीमारांनी त्याविरुद्ध आंदोलन केले; १९९५ साली मुरारी समिती नेमली गेली आणि अखेर ते धोरण मागे घेण्यात आले. त्या वादात जोर उपजीविकेच्या प्रश्नावर होता, आणि ते योग्यच होते. परंतु नौका कोणाचीही असो, शतायुषी माशाची भरपाई वर्षा-दोन वर्षांत होत नाही, हा निसर्गाचा नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडतो.

२०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने खोल समुद्राच्या संशोधनाची मोहीम मंजूर केली. कार्बन-१४ मोजणारी यंत्रणा दिल्लीच्याच आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. साधने अशी हाताशी आली आहेत. आता परवान्यावर सही होण्यापूर्वी तो वाटाण्याएवढा खडा राजधानीच्या मेजावर ठेवला जावा आणि त्यावरील वर्षे मोजली जावीत, एवढेच उरले आहे. हिशेबाची पहिली ओळ तेथे लिहिलेली आहे.