अंदर-बाहर

अंदर-बाहर : बावन्न पत्त्यांच्या एका कॅटवर खेळला जाणारा, निव्वळ नशिबाचा जुगार. कर्नाटक, तमिळनाडू आणि मराठवाडा हे त्याचे घरचे प्रदेश. महाराष्ट्रात त्याला मांगपत्ता आणि तमिळमध्ये मंगात्ता असेही म्हणतात. गोव्यातील तरंगत्या कॅसिनोंत त्याची स्वतंत्र टेबले असतात, भारतीय गिऱ्हाईक ज्या परदेशी कॅसिनोंत जास्त तिथेही तो भेटतो. रुलेट, ब्लॅकजॅक, बॅकारा या परदेशी खेळांच्या गर्दीत तो अपवादच. मराठवाड्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावातून गेलेल्या प्रवाशाला मात्र कॅसिनोतला हाच एक खेळ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पोळा ते दिवाळी या काळात मराठवाड्यातील पोलिसांच्या जुगार-छाप्यांच्या बातम्यांत तिरट आणि झन्नामन्ना या पत्त्यांच्या जुगारांच्या जोडीने त्याचे नाव नेमाने येते.

खेळ : कॅट पिसून एक पत्ता उघडा ठेवतात, तो जोकर. त्याच्याच किमतीचा दुसरा पत्ता अंदरच्या बाजूला पडेल की बाहरच्या, यावर पैसे लावायचे. मग वाटणारा आळीपाळीने एकेक पत्ता दोन्ही बाजूंना टाकत जातो. जोकर सत्ती असेल तर पहिली सत्ती ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. जुळणीत रंग, चिन्ह, हुकूम, उतारी कशालाच महत्त्व नाही. खेळणाऱ्याच्या हाती एकही पत्ता येत नाही. त्यामुळे डोके चालवायला वाव शून्य, आणि अर्ध्या मिनिटात निकाल. अड्ड्यांवर तो टिकून राहिला तो या वेगामुळेच.

गणित : दोन बाजू समान दिसतात, पण नसतात. जोकर काढल्यावर ५१ पत्ते उरतात आणि त्यांत जुळणारे तीन. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिला कायम एका पावलाची आघाडी असते. तिच्या जिंकण्याची शक्यता ५१.५ टक्के, दुसरीची ४८.५ टक्के. जुळणारा पत्ता सरासरीने तेराव्या पानावर लागतो आणि फार तर एकोणपन्नासाव्यापर्यंत जातो. दोन्ही बाजूंना सारखाच भाव दिला तर पहिली बाजू धरून बसणाराच शेवटी वर राहील. म्हणून कॅसिनो पहिल्या बाजूला सहसा शंभरास नव्वद देतो आणि दुसरीला शंभरास शंभर. या भावाने शंभर रुपयांमागे पहिल्या बाजूवर सरासरी दोन रुपये पंधरा पैसे आणि दुसरीवर तीन रुपये घराच्या खिशात जातात.

गावाकडच्या अड्ड्यावर जागेचा मालक जिंकणाऱ्याकडून उघडपणे नाल, म्हणजे आपला हिस्सा, काढतो. कॅसिनोत नाल मागायला कुणी येत नाही, कारण ती भावातच मुरलेली असते. खेळ दोन्हीकडे तोच. तुलनेसाठी, एका शून्याच्या रुलेटवर घराचा वाटा २.७० टक्के, बॅकाराच्या बँकर बाजूवर १.०६ टक्के. आठ कॅटींच्या ड्रॅगन-टायगर या पत्त्यांच्या खेळावर तो ३.७३ टक्के असतो, आणि त्यातल्या बरोबरीच्या डावावर, एकास आठ भावाने, तब्बल ३२ टक्क्यांवर जातो. म्हणजे अंदर-बाहर हा काही सर्वांत लुटारू खेळ नव्हे. लूट होते ती त्याच्या जोड-डावांत : जुळणारा पत्ता कितव्या पानाला लागेल, जोकर लाल निघेल की काळा, अशांवर. मोठ्या भावाचे आमिष तिथेच लावलेले असते.

प्रसार : तीन पत्ती आणि अंदर-बाहर या भारतीय खेळांना कॅसिनोत म्हणण्याजोगी जागा मिळाली. त्यातही तीन पत्तीचे मूळ इंग्रजांच्या ‘ब्रॅग’मध्ये सांगितले जाते. काठमांडूच्या कॅसिनोंत नेपाळी नागरिकांना खेळायला बंदी आहे; तिथली टेबले मुख्यतः भारतीय पाहुण्यांवर चालतात. पुढे युरोपातील कंपन्यांनी अंदर-बाहर कॅमेऱ्यासमोर मांडून मोबाइलवर आणला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली.

कायदा : महाराष्ट्रात सार्वजनिक जुगारावर १८८७ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा लागतो. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानले; अंदर-बाहरला तो आधार मिळणे शक्यच नाही. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. गोव्याने मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट दिली. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळता येत नाही. बाहेरच्यांना वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात.

टेबलाला टेबल नियम बदलतात. काही ठिकाणी पहिला पत्ता नेहमी अंदरला पडतो, काही ठिकाणी जोकरच्या रंगावरून ठरतो. म्हणून बसण्याआधी पहिला पत्ता कुठे पडणार आणि त्या बाजूला भाव काय, एवढे विचारून घ्यावे. भाव शंभरास नव्वदहून कमी असेल तर त्या टेबलावर बसू नये.