'माझ्या कॅरेक्टरचं तू का लिहिलंस?': ऑनलाइन फँटसी रोलप्लेमध्ये भांडणं कशावरून होतात?

एका काल्पनिक राज्यातली सराई. बाहेर पाऊस पडतोय. आत एका टेबलावर भाडोत्री योद्धा बसलाय, शेजारच्या टेबलावर एक चेटकीण. दोघांची बाचाबाची होते. योद्ध्याच्या बाजूने लिहिणारा मुलगा टाइप करतो, 'तो तलवार उपसतो. वार थेट तिच्या खांद्यावर बसतो आणि ती खाली कोसळते.'

सराईतलं भांडण इथे थांबतं आणि खरं भांडण सुरू होतं. चेटकिणीच्या बाजूने लिहिणारी मुलगी विचारते, 'वार बसला हे तू कसं ठरवलंस? आणि ती कोसळली हे तर मी लिहायला हवं होतं ना?'

वरचा प्रसंग उदाहरणादाखल रचलेला आहे. पण ऑनलाइन फँटसी रोलप्ले करणाऱ्या कुणालाही तो दाखवला, तर 'हे माझ्यासोबत झालंय' असंच उत्तर येईल. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटू शकतो. मग त्यावरून वर्षानुवर्षांच्या मैत्र्या का तुटतात, ग्रुप का फुटतात? हे समजण्यासाठी आधी हा खेळ कसा चालतो ते पाहू.

रोलप्ले म्हणजे नेमकं काय?

भातुकलीत कुणी आई होतं, कुणी बाबा. रोलप्लेचं मूळ तत्त्व तेच आहे. तुम्ही एक कॅरेक्टर तयार करायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि इतरांसोबत मिळून एक गोष्ट रचायची.

याला नियमांची चौकट मिळाली ती १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळामुळे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन डिझायनर्सनी तो तयार केला. त्यात टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एक जण 'डंजन मास्टर' असतो. वार बसला की हुकला हे फासे सांगतात आणि शंका आली तर डंजन मास्टरचा शब्द अखेरचा.

१९७८ मध्ये ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला. कॉम्प्युटरवर फक्त अक्षरांत दिसणाऱ्या या दुनियेत एकाच वेळी अनेक जण वावरू शकत होते. पुढे ग्राफिक्स आले. २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्यात रोलप्ले करणाऱ्यांसाठी वेगळे सर्व्हर ठेवले गेले. आज डिस्कॉर्डसारख्या चॅट अ‍ॅपवर कुठल्याही गेमशिवाय, नुसतं लिहूनही रोलप्ले चालतं.

या प्रवासात एक गोष्ट मात्र अनेक ठिकाणी मागे राहिली. ती म्हणजे टेबलावरचा पंच. नुसतं लिहून खेळताना बहुतेक वेळा डंजन मास्टर नसतो आणि फासेही नसतात. असते ती फक्त दोन माणसांमधली समजूत. ती जुळली नाही की वाद होतो.

गॉडमॉडिंग, पॉवरप्ले, मेटागेमिंग

या दुनियेतल्या तक्रारींना ठरलेली नावं आहेत. ग्रुपगणिक त्यांचे अर्थ थोडे बदलतात, पण साधारण मांडणी अशी:

गॉडमॉडिंग: आपलं कॅरेक्टर अजिंक्य ठेवणं. बाण चुकवला, विष पचवलं, जादू परतवली. लहानपणी खेळताना कच्च्या लिंबूला आउट करता यायचं नाही, तसंच हे. फरक इतकाच, की कच्चं लिंबू कोण हे सगळे मिळून ठरवायचे. इथे खेळाडू स्वतःच स्वतःला कच्चं लिंबू ठरवतो आणि वर जिंकतोही.

पॉवरप्ले: दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं आपणच लिहून टाकणं. 'ती कोसळते', 'तो घाबरतो', 'तिला त्याचा मोह पडतो' ही सगळी याची उदाहरणं. काही ग्रुपमध्ये यालाही गॉडमॉडिंगच म्हणतात.

मेटागेमिंग: खेळणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट कॅरेक्टरलाही माहीत असल्यासारखं वागणं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये 'टोटल आरपी' नावाचं अ‍ॅडऑन अनेक रोलप्लेअर वापरतात. त्यात कॅरेक्टरचं नाव, रूप, पूर्वेतिहास लिहून ठेवता येतो आणि तेच अ‍ॅडऑन वापरणाऱ्या इतरांना तो वाचता येतो. मग कुणी अनोळखी माणूस येतो आणि पहिल्याच वाक्यात तुम्हाला नावाने हाक मारतो. नाव सांगितलं कधी? सांगितलंच नाही. त्याने ते माउस फिरवून वाचलं. बुरखा घालून आलेल्या हेराची सगळी मेहनत अशी एका क्लिकमध्ये वाया जाते.

यातले काही शब्द भारतातल्या गेमिंग प्रेक्षकांनाही आता ओळखीचे आहेत. 'जीटीए ५'चं रोलप्ले स्ट्रीम करणारे अनेक भारतीय स्ट्रीमर आहेत. तिथे फँटसी नाही, पोलीस आणि गुंड आहेत. पण एखाद्याचं लाइव्ह स्ट्रीम पाहून त्याचा गेममधला अड्डा शोधून काढणं, हेही मेटागेमिंगच.

'माझी हिरॉइन सर्वगुणसंपन्न आहे, मग?'

दुसरी मोठी तक्रार कॅरेक्टर कसं असावं याबद्दल असते. सोळाव्या वर्षी सेनापती, दोन वेगळ्या रंगांचे डोळे, गुप्त राजघराण्यातला जन्म आणि ज्याला त्याला भुरळ पाडणारं सौंदर्य. अशा कॅरेक्टरला 'मेरी सू' म्हणतात. हा शब्द १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी लिहिलेल्या एका विडंबन कथेतून आला. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांमध्ये वारंवार भेटणाऱ्या अतिपरिपूर्ण नायिकांची त्यात खिल्ली उडवली होती.

मेरी सूचा त्रास होतो तो ती फार चांगली असते म्हणून नाही. ती प्रसंगात आली की बाकीच्यांना करण्यासारखं काही उरत नाही, हा खरा त्रास. दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. हे लेबल अनेकदा स्त्री कॅरेक्टरनाच चटकन चिकटवलं जातं आणि नवख्या, कमी वयाच्या लेखकांना गप्प करायला वापरलं जातं, अशी टीका होत आली आहे.

याला जोडूनच येतो 'लोअर'चा वाद. लोअर म्हणजे त्या काल्पनिक जगाचा ठरलेला इतिहास आणि नियम. एक गट म्हणतो, जगात जे शक्य आहे तेवढंच करा. दुसरा म्हणतो, कल्पनेच्या खेळात कल्पनेला कुंपण कशाला?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या 'डेमन हंटर'चं उदाहरण बोलकं आहे. कथेत हे मोजके, शापित योद्धे. सुरुवातीची अनेक वर्षं खेळाडूंना तो वर्ग निवडताच येत नव्हता. तरी काही जण मनानेच 'मी डेमन हंटर' असं ठरवून रोलप्ले करायचे आणि लोअरवाले त्यांच्यावर हसायचे. २०१६ मध्ये 'लीजन' हा विस्तार आला आणि कंपनीने डेमन हंटर सगळ्यांसाठी खुला केला. वर्षानुवर्षांचा वाद एका अपडेटने निकालात निघाला.

दोन ओळी की दोन परिच्छेद?

काही रुसवेफुगवे अगदी साधे असतात. तुम्ही तीन परिच्छेद लिहून पाठवता, समोरून येतं, 'तो मान डोलावतो.' आता पुढे लिहायचं काय? उलट बाजूची तक्रार अशी, की एका 'नमस्कार'साठी वीस मिनिटं थांबावं लागतं आणि मग पडद्यांच्या रंगाचं वर्णन वाचावं लागतं.

उत्तराला होणारा उशीर, न सांगता गायब होणं, वेगवेगळ्या देशांमधल्या वेळांचा घोळ, हेही नेहमीचंच. अलीकडे त्यात एआयची भर पडली आहे. समोरच्याने उत्तर चॅटबॉटकडून लिहून घेतल्याचा संशय आला की लोक दुखावतात. भाषा कितीही सफाईदार असली तरी त्यांचा प्रश्न वेगळा असतो. मी माझा वेळ दिला, मग तू का नाही दिलास?

भांडण कॅरेक्टरचं, जखम माणसाला

रोलप्लेमध्ये 'आयसी' आणि 'ओओसी' असे दोन शब्द सतत ऐकू येतात. आयसी म्हणजे कॅरेक्टर बोलतंय, ओओसी म्हणजे खेळणारा माणूस बोलतोय. दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून ओओसी वाक्यं बरेच जण दुहेरी कंसात टाकतात.

पण मनाला कंस घालता येत नाही. कॅरेक्टरचा राग, प्रेम, मत्सर खेळणाऱ्यात उतरतो आणि खेळणाऱ्याचा कॅरेक्टरमध्ये. याला 'ब्लीड' म्हणतात. युरोपातल्या नॉर्डिक देशांमध्ये प्रत्यक्ष वेशभूषा करून रोलप्ले करण्याची परंपरा आहे. तिथल्या खेळाडूंनी आणि अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलं आहे. ब्लीड वाईटच असतं असं नाही. अनेकांना तोच अनुभव हवा असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा एकाला तो हवा असतो आणि दुसऱ्याला त्याची कल्पनाही नसते. 'माझं कॅरेक्टरच तसं आहे, मी काय करू?' हे वाक्य म्हणूनच कुप्रसिद्ध आहे. कॅरेक्टर तसं बनवलं कुणी, हा प्रश्न उरतोच.

१९९३: एका रात्रीत खेळाचा समाज झाला

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे तीन दशकांपूर्वीच दिसलं होतं. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये 'लॅम्डामू' ही अक्षरांची दुनिया सुरू केली. लोक तिथे टोपणनावाने यायचे, खोल्या बांधायचे, गप्पा मारायचे.

१९९३ मध्ये 'मिस्टर बंगल' नावाने वावरणाऱ्या वापरकर्त्याने तिथल्या दिवाणखान्यात एक छोटा प्रोग्राम वापरला. त्याचं नाव 'वूडू डॉल'. या बाहुलीच्या मदतीने तो काहीही टाइप करायचा आणि पडद्यावर मात्र ते दुसऱ्याच कॅरेक्टरने केल्यासारखं दिसायचं. त्याने इतरांच्या कॅरेक्टरवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं लिहिली. ज्यांची ती कॅरेक्टर होती, त्यांना स्वतःच्या नावापुढे उमटणारी वाक्यं थांबवता येत नव्हती.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर हा पॉवरप्लेच होता. शरीराला कुणी हात लावला नव्हता. तरीही झालेली दुखापत खोटी नव्हती. पुढे काय करायचं यावर लॅम्डामूमध्ये मोठी सभा झाली. पण निर्णय होईना. शिक्षा कोण देणार? प्रशासकांनी, म्हणजे तिथल्या 'विझार्ड' मंडळींनी, काही महिन्यांपूर्वीच 'तुमच्या आपसातल्या वादांत आम्ही पडणार नाही' असं जाहीर केलं होतं. शेवटी एका विझार्डने स्वतःच्याच निर्णयाने बंगलला कायमचं काढून टाकलं. त्यानंतर कर्टिस यांनी वापरकर्त्यांना अर्ज मांडण्याची आणि त्यावर मतदान करण्याची पद्धत आणली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये या प्रकरणावर लिहिलेला लेख आजही ऑनलाइन वर्तनाच्या अभ्यासात वाचला जातो.

ग्राफिक्सवाल्या खेळांनाही हा प्रश्न चुकला नाही. १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये कुणीही कुणालाही मारून लुटू शकत होतं. नवख्यांची त्यात कत्तल व्हायची. २००० मध्ये कंपनीने जगाची दोन रूपं केली. 'फेलुका'मध्ये जुने नियम कायम राहिले, 'ट्रॅमल'मध्ये समोरच्याच्या संमतीशिवाय हल्ला करता येईना. अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. 'धोकाच गेला, मग साहस कसलं?' असं म्हणणारे जुने खेळाडू मात्र आजही सापडतात.

मग तोडगा काय?

मार्ग बरेच आहेत, पण प्रत्येकाची काही किंमत आहे.

फासे: 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एक कमांड दिली की १ ते १०० मधला आकडा येतो आणि तो सगळ्यांना दिसतो. आकडा पक्षपात करत नाही. पण त्याला गोष्टही कळत नाही. महिनाभर रंगवलेलं द्वंद्व '३' आल्यामुळे एका फटक्यात संपू शकतं.

मॉडरेटर: कॅरेक्टर आधी मंजूर करून घ्यायचं, वाद झाला तर मॉडरेटर ठरवणार. ते निष्पक्ष असतील तर उत्तम. आपल्याच दोस्तांना झुकतं माप दिलं, तर ग्रुप फुटायला वेळ लागत नाही.

आधी बोलणं: खेळ सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यायचं. इजा चालेल का? मृत्यू? कुठले विषय नकोत? टेबलावरच्या खेळांसाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी 'एक्स कार्ड' ही युक्ती मांडली. फुलीचं कार्ड टेबलावर ठेवायचं. नको तो विषय आला की कुणीही त्यावर बोट ठेवायचं. कारण विचारायचं नाही, प्रसंग बदलायचा. ऑनलाइन ग्रुपही ही पद्धत आपापल्या परीने वापरतात. प्रौढ विषय असतील तिथे वयाची अट काटेकोर असणं तर अत्यावश्यकच.

आणि सगळ्यात जुना, बिनखर्चाचा तोडगा क्रियापदात आहे. निकाल लिहायचा नाही, प्रयत्न लिहायचा.

सराईतल्या त्या मुलाने एवढंच लिहायला हवं होतं: 'तो तलवार उपसतो आणि तिच्या खांद्याच्या रोखाने वार करतो.' वार बसला, हुकला की चेटकिणीने हवेतच थोपवला, हे पुढचं वाक्य तिचं. कदाचित तिने स्वतःहूनच लिहिलं असतं, की ती कोसळली.