मुंबईहून गेलेलें एक हस्तलिखित

सन १८९१ मध्यें लॉर्ड रॅले यांनीं लंडन येथील रॉयल सोसायटीच्या दप्तरांतून एक जुनें हस्तलिखित शोधून काढिलें. तें सोसायटीकडे पोंचल्याची तारीख ११ डिसेंबर १८४५ अशी होती. म्हणजे पंचेचाळीस वर्षें तें तेथें पडून होतें. तें गेलें होतें आपल्या मुंबईहून. लिहिणारा जॉन जेम्स वॉटर्स्टन नांवाचा नौविद्येचा एक शिक्षक होता, आणि रॅले यांच्या हातीं त्याचे कागद आले तेव्हां तो स्वतः नाहींसा होऊन आठ वर्षें लोटलीं होतीं. शास्त्राच्या इतिहासांत नाकारलेले निबंध पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक नाकारण्याजोगेच होते. या निबंधाची गोष्ट तशी नाहीं. विद्वानांच्या नियतकालिकाकडे पाठवावयाचा लेख कसा सिद्ध करावा, आणि ज्यांच्या हातीं तो पडतो त्यांच्यावर केवढी जबाबदारी येते, हें या एका हस्तलिखिताच्या कहाणीवरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसरीकडे क्वचितच होईल.

प्रथम ही पद्धत कशी पडली तें पाहूं. रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं मार्च १६६५ मध्यें 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हें नियतकालिक सुरू केलें. त्यांत काय छापावें तें ओल्डेनबर्ग आपल्याच जबाबदारीवर ठरवीत. सन १७५२ मध्यें सोसायटीनें हें काम एका समितीकडे सोंपविलें. ती मतें घेऊन निर्णय करी. परंतु लेख त्या विषयाच्या जाणत्याकडे पाठवून त्याचा लेखी अभिप्राय मागवावा, ही कल्पना केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांनीं १८३१ मध्यें पुढें मांडली. आरंभींच एक चमत्कारिक प्रसंग घडला. पृथ्वी व शुक्र यांच्या गतींविषयीं ज्योतिषी एअरी यांनीं लिहिलेला निबंध ह्यूएल व जॉन लबक या दोघांकडे गेला, आणि दोघांचें एकमत होईना. निबंधाची थोरवी लोकांस समजावून द्यावी असें ह्यूएल यांस वाटे. लबक यांची दृष्टि त्यांतील दोषांवर. परीक्षकानें गुण दाखवावे कीं चुका काढाव्या, हा वाद या पद्धतीच्या जन्माइतकाच जुना आहे. लबक यांचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

वॉटर्स्टन १८११ मध्यें एडिंबरो येथें जन्मला. गणित व पदार्थविज्ञान यांची त्यास तरुणपणापासून गोडी होती, पण विद्यापीठांतील अध्यापकाची जागा त्याच्या वांट्यास आली नाहीं. ब्रिटिश आरमाराच्या समुद्रनकाशांचे प्रमुख कॅप्टन बोफर्ट यांच्या साहाय्यानें १८३९ मध्यें त्यास मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांस शिकविण्याचें काम मिळालें. या कामांत त्यास आपल्या आवडत्या चिंतनास वेळ मिळे. त्या काळच्या मुंबईंत विद्या नव्हती असें नाहीं. याच शहरांत बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० मध्यें 'दिग्दर्शन' मासिक काढून शास्त्रीय विषय मराठींत आणिले होते. परंतु वॉटर्स्टन ज्या प्रश्नाचा विचार करीत होता त्यावर चार शब्द बोलावयास समानधर्मी मनुष्य त्यास येथें भेटणें कठीण होतें. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाला. त्यापूर्वीं टपाल आगबोटीनें सुएझपर्यंत, तेथून मिसर देशांतून जमिनीच्या वाटेनें अलेक्झांड्रियापर्यंत, आणि पुन्हां आगबोटीनें विलायतेस जाई. शंका विचारून उत्तर मिळण्यास महिनेच्या महिने लागत. अशा स्थितींत त्यानें आपला निबंध एकट्यानेंच पुरा केला आणि बोफर्ट यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे पाठविला.

त्या निबंधांत काय होतें? वायु हा सर्व दिशांस वेगानें धांवणाऱ्या, एकमेकांवर आपटून पुन्हां उसळणाऱ्या असंख्य रेणूंचा समुदाय आहे, असें गृहीत धरून वॉटर्स्टननें गणित मांडलें. पत्र्यावर पावसाची जोराची सर आली म्हणजे एकेक थेंब निराळा ओळखूं येत नाहीं, सर्व थेंबांचा मिळून एक सतत भार पडतो. भांड्याच्या बाजूंवर वायूचा जो दाब पडतो तो अशाच अगणित आघातांचा परिणाम होय. उष्णता म्हणजे कोणताही सूक्ष्म द्रव पदार्थ नसून या रेणूंच्या गतीचीच शक्ति होय. रेणूंच्या वेगाचा वर्ग जसा वाढेल तसें उष्णतामान वाढतें. याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढें होती. दोन निराळे वायु एकत्र मिसळले असतां जड रेणु सावकाश व हलके रेणु जलद धांवतात. पण रेणूचें वजन आणि त्याच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार दोहोंकडे सरासरीनें सारखाच येतो. वायूंच्या ज्या सिद्धांतावर पुढें पदार्थविज्ञानाची एक मोठी शाखा उभी राहिली, त्याचें हें एक मुख्य सूत्र होय. मुंबईच्या एका शिक्षकानें तें १८४५ मध्यें लिहून ठेविलें होतें.

५ मार्च १८४६ रोजीं सोसायटीच्या सभेंत या निबंधाचें वाचन झाल्याची नोंद आहे. परीक्षक दोन होते. एक ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक बेडन पॉवेल; बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे हे वडील. त्यांनीं लेखकाचें कौशल्य मान्य केलें, परंतु ज्या मूळ गृहीतावर इमारत उभारली तेंच त्यांस पटेना. दुसरे परीक्षक सर जॉन लबक. त्यांनीं निबंध केवळ निरर्थक ठरविला. तो सोसायटीपुढें वाचण्याच्याही योग्यतेचा नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. सोसायटीच्या वृत्तांतांत एक लहानसा सारांश छापला गेला आणि मूळ निबंध दप्तरांत गेला.

येथें सोसायटीचा एक नियम आड आला. सभेंत वाचलेलें हस्तलिखित सोसायटीच्या मालकीचें होई. तें परत देण्याचा प्रघात नव्हता. वॉटर्स्टननें स्वतःपाशीं नक्कल ठेविली नव्हती. निबंध एकीकडे नाकारला गेला म्हणून दुसरीकडे पाठवावा, तर हातांत कागदच नाहींत, अशी त्याची अवस्था झाली. याच्या उलट उदाहरण जॉन हेरापाथ यांचें आहे. वॉटर्स्टनच्या विचारांशीं कांहींसे जुळणारे विचार त्यांनीं १८२० मध्यें याच सोसायटीकडे पाठविले होते. अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही यांस ते रुचले नाहींत, तेव्हां हेरापाथ यांनीं निबंध मागें घेतला आणि १८२१ मध्यें दुसऱ्या एका नियतकालिकांत छापविला. तो फारसा कोणीं वाचला नाहीं हें खरें. परंतु तो जगापुढें आला. वॉटर्स्टनचा निबंध जगापुढें आलाच नाहीं.

त्याचे विचार अगदीं अज्ञात राहिले असेंही म्हणतां येत नाहीं. सन १८५१ च्या ब्रिटिश असोसिएशनच्या इप्सविच येथील सभेच्या वृत्तांतांत त्यांचा संक्षेप आला. पण संक्षेपांत निष्कर्ष असतात, सिद्धता नसते. पुढें जर्मनींत क्रोनिग यांनीं १८५६ मध्यें व क्लॉसियस यांनीं १८५७ मध्यें हाच विषय हाती घेतला. १८६० मध्यें मॅक्सवेल यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला, आणि वायूंचा गतिसिद्धांत सर्वमान्यतेच्या मार्गास लागला. वॉटर्स्टन या सुमारास मायदेशीं परतला होता. जें आपण पूर्वींच लिहून दिलें तें दुसऱ्यांच्या नांवें प्रस्थापित होत असलेलें त्यास पाहावें लागलें. १८ जून १८८३ रोजीं तो एडिंबरो येथील आपल्या बिऱ्हाडांतून फिरावयास म्हणून बाहेर पडला, तो परत आला नाहीं.

वॉटर्स्टननें १८५८ मध्यें ध्वनीवर एक लेख छापला होता. त्यांत त्यानें आपल्या जुन्या निबंधाचा उल्लेख केला होता. ध्वनिशास्त्राचे अधिकारी पंडित असलेल्या रॅले यांच्या नजरेस तो उल्लेख पडला. ते त्या वेळीं सोसायटीचे चिटणीस होते. त्यांनीं दप्तर धुंडाळून निबंध मिळविला आणि १८९२ मध्यें आपल्या प्रस्तावनेसह 'ट्रॅन्झॅक्शन्स'मध्यें तो समग्र छापविला. हा निबंध वेळेवर न छापल्यामुळें या विषयाची प्रगति दहा ते पंधरा वर्षें मागें पडली असावी, असें त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें. ज्या संस्थेकडून चूक झाली तिच्याच चिटणिसानें, तिच्याच नियतकालिकांत ती कबूल केली, ही गोष्ट त्या संस्थेस भूषणावह आहे.

याच प्रस्तावनेंत रॅले यांनीं तरुण लेखकांस एक उपदेश केला आहे. ज्यास मोठी झेप घ्यावयाची आहे त्यानें प्रथम मर्यादित आणि सहज पारखतां येईल असें काम करून नांव मिळवावें. अनोळखी लेखकाच्या धाडसी कल्पना विद्वत्संस्थांपेक्षां इतर मार्गांनीं पुढें येणें बरें, असा त्याचा मथितार्थ आहे. हा उपदेश व्यवहाराचा आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो वाचून मन कांहींसें खट्टू होतें. अनोळखी माणसाचें म्हणणें तपासणें संस्थेस जमत नसेल, तर परीक्षकांची योजना कशासाठीं? खुद्द रॅले यांचा एक लेख, त्यावरील नांव चुकून गळल्यामुळें, ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनें एकदां नाकारला होता, आणि लेखक कोण तें कळतांच स्वीकारला होता, अशी आठवण त्यांच्या पुत्रानें लिहिलेल्या चरित्रांत आहे. नांवाचें वजन किती असतें याचा अनुभव त्यांस स्वतःसही आला होता.

तथापि लेखकाकडे कांहींच दोष नव्हता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. वायूचा दाब रेणूंच्या आघातांनीं होतो ही कल्पना डॅनियल बर्नुली यांनीं १७३८ मध्येंच मांडली होती. वॉटर्स्टननें आपला निबंध बर्नुलींच्या मताचा विस्तार म्हणून पुढें ठेविला असता, तर त्यास निरर्थक म्हणण्यास परीक्षक कचरला असता, हें रॅले यांनींच दाखविलें आहे. बहुधा बर्नुलींचें काम वॉटर्स्टनला ठाऊकच नव्हतें. पूर्वसूरींचें स्मरण हा केवळ शिष्टाचार नव्हे; नवा विचार कोठून निघाला हें वाचणाऱ्यास कळण्याची ती वाट आहे. शिवाय निबंधांतील गणितांत एक खरी चूकही होती. वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचें गुणोत्तर ५/३ यावयास पाहिजे होतें, तें त्याच्या हिशेबांत ४/३ आलें. परीक्षकांनीं ती चूक दाखवून निबंध दुरुस्तीसाठीं परत पाठविला असता, तर त्यांचें कर्तव्यही झालें असतें आणि निबंधही वांचला असता. नुसता निकाल दिल्यानें यांतलें कांहींच साधलें नाहीं.

बरोबर शंभर वर्षांनीं, सन १९९१ मध्यें, अमेरिकेंत लॉस अ‍ॅलामोस येथें पॉल गिन्स्पार्ग यांनीं पदार्थविज्ञानाच्या निबंधांचें एक संगणकीय भांडार सुरू केलें. परीक्षकांचा निर्णय लागण्यापूर्वींच निबंध त्यांत ठेवतां येतो, आणि वाटेल त्यास तो वाचतां येतो. एकुलती एक प्रत दप्तरांत अडकून पडण्याचा प्रसंग आतां उरला नाहीं. परंतु निबंध उपलब्ध असणें निराळें आणि तो कोणीं वाचणें निराळें. ज्या दप्तरानें वॉटर्स्टनचे कागद पुरले त्याच दप्तरानें ते जपलेही. अभाव होता तो धीर धरून ते शेवटपर्यंत वाचणाऱ्याचा. असा वाचक १८४६ मध्यें मिळाला नाहीं, १८९१ मध्यें मिळाला. मधल्या काळांत मुंबईच्या त्या शिक्षकाचें सारें आयुष्य निघून गेलें.